डाव्या पंखाजवळचा दिवा

मामांचा जगात कुणावरही विश्वास नव्हता, आणि लढाईच्या त्या वर्षांत त्यांना पगार मिळत होता तो त्याचाच.

त्याआधी वीस वर्षं ते एका विमा कंपनीत आगीच्या दाव्यांची चौकशी करायचे. जळलेल्या दुकानात शिरायचं, राखेत बोट फिरवायचं, मालकाकडे एकदा निरखून बघायचं आणि आग लागली की लावली ते सांगायचं. असल्या कामात माणसाचा स्वभाव गोड राहत नाही. मामी म्हणायची, "ह्यांना कुणी 'बरे आहात ना' असं विचारलं तरी हे आधी विचारणाऱ्याचे खिसे बघतात."

लढाई सुरू झाली. रात्री बाँब टाकायला गेलेली विमानं परत येताना भलत्याच बातम्या आणू लागली. कुणाला ढगात हिरवा गोळा दिसला, कुणाच्या मागे लाल दिव्यांची माळ लागली, कुणी तर ताटाएवढी चकाकती वस्तू हवेत थांबलेली पाहिली. ही शत्रूची नवी युक्ती, की दमलेल्या डोळ्यांचे खेळ, की शुद्ध थापा, हे ठरवायला विमानतळाला माणूस हवा होता. मामांना बोलावणं आलं. धावपट्टीच्या कडेला लाकडी बराक, तिच्यात तीन खोल्या, भिंतभर नकाशा, एक टायपिस्ट बाई आणि हात शेकायला शेगडी, एवढं साम्राज्य त्यांना मिळालं. आठवड्याभरात सगळा तळ त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणू लागला. तोंडावर मात्र सगळे 'मामा'च म्हणत, कारण तळावरच्या एका वैमानिकाचे ते सख्खे मामा होते आणि तो गडी चारचौघांत तशीच हाक मारायचा.

त्या वैमानिकाचं नाव टिल्लू. लहानपणी चिमूटभर होता म्हणून टिल्लू. आता सहा फूट वाढला होता, विमानात शिरताना डोकं आपटून घ्यायचा, तरी टिल्लूच. आई गेली तेव्हा सात वर्षांचा होता. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यांनी त्याला घरी आणलं आणि पोटच्या पोरासारखं वाढवलं. जेवताना मामा-भाच्याचा एक खेळ चालायचा. टिल्लूने शाळेतल्या दोन गोष्टी सांगायच्या, एक खरी, एक रचलेली, आणि थाप कुठली ते मामांनी ओळखायचं. कशावरून ओळखली तेही सांगायचं. "खोट्या गोष्टीला भोकं नसतात, टिल्लू. खऱ्या माणसाला मधलं काहीतरी आठवत नाही. थापाड्याला सगळं आठवतं." दहाव्या वर्षी टिल्लू रोज हरायचा. बाराव्या वर्षी तो थापेत मुद्दाम भोकं ठेवायला शिकला. पंधराव्या वर्षी मामा हरू लागले, आणि वर त्याचीच पाठ थोपटू लागले. "गुरूची विद्या गुरूला," म्हणून मामी हसायची.

मामांची बराकीतली पद्धत ठरलेली होती. विमान उतरलं की अर्ध्या तासाच्या आत जबानी. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवायचं, जबानी होईपर्यंत चहा नाही, एकमेकांशी बोलणं नाही. टेबलावर शर्टाचं एक बटण ठेवलेलं असे. हात ताणून ते धरायचं आणि सांगायचं, दिसलं ते ह्याहून मोठं की लहान. मग मामा ग्रहांचं कोष्टक उघडत, हवामानवाल्यांनी फुगे कधी सोडले ती वही मागवत, आणि स्वतः टॉर्च घेऊन विमानाच्या काचेवरचे ओरखडे मोजायला जात. चौदा महिन्यांत त्रेचाळीस चमत्कार आले आणि त्रेचाळीसही मामांनी जमिनीवर उतरवले. सोळा फुगे निघाले, नऊ ओरखडे, काही आपल्याच विमानांचे धूर, आणि शुक्राच्या ताऱ्याने तर इतक्या जणांना चकवलं होतं की त्याला शत्रूचा हेर म्हणून पकडायचं तेवढं बाकी होतं.

शेवटी खूण द्यायची. सांगणाऱ्याला अक्षर, सांगण्याला आकडा. अ म्हणजे ह्याच्या शब्दावर डोळे मिटून चालावं; ड म्हणजे हा 'उजाडलं' म्हणाला तरी खिडकी उघडून बघावं. एक म्हणजे घडलंच, पाच म्हणजे घडलंच नाही. अ-१ ही खूण त्या बराकीत अजून कुणाला मिळाली नव्हती.

एकच दुखणं होतं, ट्रक. धावपट्टीच्या टोकापासून बराकीपर्यंत एका विमानातली सगळी माणसं एकाच ट्रकमधून यायची, आणि त्या दहा मिनिटांत काय शिजतं ते देव जाणे. वेगवेगळ्या गाड्या द्या म्हणून मामांनी तीनदा लिहिलं. पेट्रोल नाही, असं तीनदा उत्तर आलं. मग त्यांनी आपला नियम केला: विमानातल्या एकाच्या तोंडी जरी दुसऱ्याची गोष्ट सापडली, तरी त्या विमानाच्या सगळ्याच जबान्या केराच्या टोपलीत. ह्या नियमाचा त्यांना फार अभिमान होता.

आणि एका सकाळी टिल्लूचं विमान एका पुलावर बाँब टाकायला गेलं होतं ते न टाकताच परत आलं.

तळप्रमुख स्वतः बराकीत आले. साहेब एरवी कुणाच्या दारात जात नसत. "पूल उभा आहे," ते म्हणाले. "आज दिवसभर त्याच्यावरून शत्रूचे रणगाडे जातील. वरून मला विचारतायत, वैमानिक अर्ध्या वाटेवरून का फिरला? तो म्हणतो, दिवा दिसला. दिवा खरा असेल तर ठीक. नसेल तर शुक्रवारी तो आणि त्याच्या होला हो म्हणणारे चौकशी मंडळासमोर उभे राहतील. शत्रूला पाठ दाखवली म्हणून छातीवरचे पंख जातील आणि पाच-सात वर्षांची कैद."

"तो माझा भाचा आहे, साहेब. दुसऱ्या कुणाला सांगा."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. तुम्ही सख्ख्या बापालाही सोडणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या खुणेवर कोण बोट ठेवेल?"

मामांना हे गोड बोलणं आवडलं नाही. गेल्या महिन्यात दिवे फार वाढले होते, आणि दिवे एकदाचे बंद व्हावेत अशी साहेबांची इच्छा होती. भाच्याला मामानेच खोटं पाडलं, की पुन्हा तळावर कुणाची दिवा बघायची छाती होणार नाही, हे न कळण्याइतके मामा दूधखुळे नव्हते. पण नाही म्हणावं, तर मामा पाठीशी घालतोय असं उद्या सगळा तळ म्हणेल. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि टिल्लूला पहिल्या खोलीत बोलावलं.

टिल्लूचे डोळे तांबारले होते. बसल्याबसल्या त्याने न सांगताच बटण उचललं आणि हात ताणला. "ह्याच्या निम्मा. सव्वा वाजता, डाव्या पंखापासून दोन विमानं मावतील एवढ्या अंतरावर. पिवळा, थोडा तांबूस. अकरा मिनिटं बरोबर होता. मी वर गेलो, तो वर आला. मी वेग कमी केला, त्यानेही केला. मग पुढे गेला आणि नाकासमोरून आडवा गेला, अगदी जवळून. पुन्हा तसाच आला असता तर धडकलोच असतो. आत तीन जीव होते, मामा. मी वळलो, बाँब समुद्रात सोडले आणि परत आलो."

"कडा कशा होत्या? रेखीव की पसरट?"

"ते नाही आठवत."

मामांची पेन्सिल थांबली. हेच ते भोक, आणि हवं तिथेच होतं. वेळ, दिशा, अंतर, रंग, आकार, सगळं त्यांच्या छापील कागदाच्या क्रमाने आलं होतं आणि बरोबर मधेच एक गोष्ट आठवत नव्हती. दुसऱ्या कुणी अशी जबानी दिली असती तर त्यांनी खुशीत ब दिला असता. पण ही माणसं ओळखायची विद्या हे पोर त्यांच्याच ताटासमोर बसून शिकलं होतं. खऱ्याची जी जी लक्षणं त्यांना ठाऊक होती ती ती त्यालाही ठाऊक होती, मग आता त्याला ओळखायचं कशावरून?

"झोप?"

"तिसरी रात्र होती. जागं राहायची एक गोळी घेतली होती. एकच."

मामांनी जाळं टाकलं. "दुसऱ्या विमानातल्यांनाही दिसला म्हणे. त्याला शेपूट होतं, असं सांगतात."

टिल्लू हसला. दमलेलाच, पण हसला. "त्या वाटेला दुसरं विमान नव्हतं, मामा. आणि मला तरी शेपूट दिसलं नाही."

मामा टॉर्च घेऊन विमानात चढले. डाव्या बाजूची काच कोरी करकरीत होती. मेकॅनिकने दोनच दिवसांपूर्वी बदलली होती. चिठ्ठीवर त्याची सही होती, आणि काच मिळाली म्हणून खाली वैमानिकाची. ओरखडा औषधाला सापडला नाही. कोष्टकात शुक्र चार वाजता उगवत होता. फुगा एकही सोडलेला नव्हता. त्यांनी ती चिठ्ठी फायलीत लावली. आता उरलं दोनच: एक तर दिवा होता, नाहीतर तो रचला होता. आणि 'होता' असं मामांनी चौदा महिन्यांत एकदाही लिहिलेलं नव्हतं.

नकाशा बघून वाट सांगणारा टिल्लूचा जोडीदार दुसऱ्या खोलीत होता. सगळे त्याला नकाशावाला म्हणत. तो म्हणाला, दिवा तांबडाच होता, नऊ मिनिटं असेल, समोर आला तेव्हा आपण खाली वाकलो, त्यामुळे नीट बघितलं नाही. टिल्लूच्या जबानीशी जुळतही होतं आणि थोडं वेगळंही होतं. हा फरक भाजीतल्या मिठासारखा बेताचा होता, आणि मामांना तोही खुपला.

तिसऱ्या खोलीत गनर होता. विमानाच्या शेपटीत मशीनगन धरून बसणारा हा माणूस. अंगाने ऐसपैस, पण त्या सकाळी खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि हातमोजा पिळत होता.

"दिवा दिसला?"

"दिसला की, साहेब."

"कुठे?"

"डावीकडे. मग पुढे गेला. विमानाच्या नाकासमोरून आडवा गेला. मी चांगला बघितला."

मामांनी पेन्सिल खाली ठेवली. "तू शेपटीत बसतोस ना?"

"हो."

"तोंड मागे करून?"

"हो, साहेब."

"मग नाक कसं दिसलं? पाठीला डोळे आहेत?"

हातमोजा खाली पडला. मामांना जे हवं होतं ते मिळालं होतं. गोष्ट ट्रकमध्ये शिजली होती आणि ह्या भोळसटाला ती नीट पाठ करता आली नव्हती. वीस वर्षं राखेत बोटं घालणाऱ्या माणसाला चोर सापडला की कसा आनंद होतो, तसा आनंद त्यांना झाला, हे कबूल करायला हवं. चोराच्या मागे उभा असलेला भाचा त्यांना दिसला तो नंतर. नियमाप्रमाणे त्यांनी तिन्ही जबान्यांवर एकच खूण केली, ड-५, आणि साहेबांकडे पाठवून दिली.

दुपारी जेवताना त्यांनी मामीला सांगितलं. मामीने हातातला डाव खाली ठेवला.

"गनर खोटा बोलला ते तुम्हाला दिसलं. टिल्लू खोटा बोलला ते कुठे दिसलं?"

"शितावरून भाताची परीक्षा करतात."

"भाताची करतात. माणसं काय एका पातेल्यात शिजतात?"

"तुला ह्यातलं कळत नाही."

"मला टिल्लू कळतो," मामी म्हणाली. "त्याला घाबरल्यासारखं वाटलं असतं तर त्याने येऊन सांगितलं असतं, मामी, मी घाबरलो. लपवायला तो काय तुमच्यासारखा आहे?" त्यानंतर दोन दिवस मामी त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि आत निघून जायची. मामा मूग गिळून जेवत राहिले. आपण काही चुकीचं केलं नाही, असं ते स्वतःला दिवसातून दहादा सांगत होते, आणि जी गोष्ट दहादा सांगावी लागते तिच्याबद्दल एरवी त्यांनी काय म्हटलं असतं ते त्यांना चांगलं माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, गनर बराकीत आला. टायपिस्ट बाई बाहेर जाईपर्यंत तो दारातच घुटमळला.

"साहेब, मी झोपलो होतो."

"काय?"

"त्या रात्री. तिसरी रात्र होती, डोळा लागला. विमान गपकन वळलं तेव्हा जागा झालो. ट्रकमध्ये हे दोघं दिव्याचं बोलत होते, एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू. मला विचारलं, तुला दिसला ना? नाही म्हटलं असतं तर का नाही दिसला हे विचारलं असतं. पहाऱ्यावर झोपलो म्हणून मला उभा सोलला असता, साहेब. म्हणून म्हटलं, दिसला. कसा दिसला ते त्यांच्याच बोलण्यातलं उचललं." त्याचे डोळे भरून आले. "उद्या त्यांना मंडळासमोर नेतायत. रात्री झोप लागत नाही आता. गंमत बघा."

"हे लिहून देशील?"

गनरने मान खाली घातली. "दोन लेकरं आहेत, साहेब."

तो गेल्यावर मामांनी त्या विमानाची फाईल पुन्हा उघडली. आणि मग त्यांना जे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं ते दिसलं. टिल्लूने ही गोष्ट रचली असती तर त्याने गनरला शेपटीतून दिसेल असं काहीतरी पढवलं असतं! मागे बसणाऱ्या माणसाला नाकासमोरची गोष्ट देऊन शंकासुराच्या खोलीत पाठवायचं, इतकी ढोबळ चूक टिल्लूने पंधराव्या वर्षीसुद्धा केली नसती. गनरचं खोटं हाच टिल्लूच्या खरेपणाचा पुरावा होता. तो त्यांच्या हातात होता आणि त्यांनी त्यावर ड-५ लिहिलं होतं. मामांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. टोपी न घालताच ते साहेबांच्या कचेरीकडे धावत सुटले. रस्त्यात दोघा-तिघांनी वळून बघितलं.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नाव काय म्हणालात त्या साक्षीदाराचं?"

"नाव सांगणार नाही. पण माणूस खरं बोलतोय."

"मामा," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, तेच जास्त वाईट होतं. "समजा, दुसरं कुणी हे तुमच्याकडे घेऊन आलं असतं. आरोपी सख्खा भाचा. साक्षीदार आधी एकदा खोटं बोललेला, आता नाव द्यायला तयार नाही, लिहून द्यायला तयार नाही. तुम्ही काय खूण दिली असती?"

टोपी सावरायला मामांचा हात डोक्याकडे गेला; टोपी बराकीतच राहिली होती.

"सांगा ना."

"ड," मामा म्हणाले.

"आणि आकडा?"

"पाच."

साहेबांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून समोर सरकवला. "हे वाचा. आज सकाळी त्याने दिलंय."

अक्षर टिल्लूचं होतं. डाव्या काचेवरच्या जुन्या ओरखड्यात आतल्या दिव्याचं प्रतिबिंब पडलं. सलग तीन रात्री झोप नसल्यामुळे तो दिवा बाहेर असल्याचा मला भास झाला. बाकीच्या दोघांनी माझ्यावर विश्वास ठेवून होकार दिला. चूक माझी एकट्याची आहे. खाली सही.

"तुम्ही लिहून घेतलंत," मामा म्हणाले.

"मी फक्त कागद दिला. थकव्यामुळे भास झाला, तर तो पळपुटेपणा होत नाही. चौकशी मंडळ रद्द. तीन महिने विश्रांती, मग दुसरा तळ. बाकीचे दोघंही सुटतात. पण ह्या कागदावर तुमची खूण हवी. तुम्ही विश्वास ठेवलात तर वरचेही ठेवतील. नाहीतर उद्या शुक्रवार आहेच."

मामांनी कागद पुन्हा वाचला. जुना ओरखडा! काच दोन दिवसांपूर्वी बदललेली होती, चिठ्ठी त्यांच्याच फायलीत होती आणि चिठ्ठीवर टिल्लूची सही होती. मामा पहिल्याच सकाळी टॉर्च घेऊन ती काच बघायला जाणार, हेही टिल्लूला माहीत होतं. सगळ्या तळात हे खोटं पकडू शकेल असा एकच माणूस होता. सांगायला हजार सबबी असताना पोराने मुद्दाम हीच निवडली होती. हे खोटं त्याने साहेबांसाठी लिहिलं असेल. ओरखडा मात्र मामांसाठी काढला होता.

"त्याच्याशी बोलायचंय," मामा म्हणाले.

टिल्लू बाहेरच्या बाकावर बसला होता. दाढी केलेली, बुटांना पॉलिश. मामा शेजारी बसले. समोरून फायली घेतलेले कारकून जात-येत होते.

"काच नवी होती, टिल्लू."

"असेल, मामा. थकलो होतो, लक्षात नाही."

"चिठ्ठीवर तुझी सही आहे."

"सह्या रोज कितीतरी करतो."

"दिवा होता. मला आता माहीत आहे, दिवा होता. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

टिल्लूने त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मामांना बरं वाटलं असतं. "विश्वास त्या कागदावर ठेवा, मामा," तो म्हणाला. "नकाशावाल्याच्या बायकोचे पुढच्या महिन्यात दिवस भरतायत. त्याला कैदेत पाठवून मला दिवा सिद्ध करायचा नाहीये."

"आणि मी काय लिहू?"

"तुम्हाला जे खरं वाटतं ते लिहायचं, असं तुम्हीच शिकवलंत," टिल्लू म्हणाला आणि उठून पाणी प्यायला गेला.

मामा बराकीत परतले. टायपिस्ट बाईंना त्यांनी चहा आणायला पाठवलं. मेकॅनिकची चिठ्ठी फायलीतून काढून शेगडीत टाकली आणि ती पुरती जळेपर्यंत उभे राहिले. वीस वर्षांत त्यांनी लोकांना ज्या कामासाठी तुरुंगात धाडलं, तेच काम आज त्यांनी स्वतः केलं. मग त्यांनी टिल्लूच्या कागदावर अ लिहिलं, पुढे आडवी रेघ ओढली आणि एक लिहिलं. बाईंनी चहा आणला, कागद बघितला आणि डोळे विस्फारले. "मामा, आपल्याकडचा पहिला अ-१!" त्या म्हणाल्या. मामांनी त्यांना कागद ताबडतोब साहेबांकडे द्यायला सांगितला.

साहेब खूश झाले. पुढच्या आठवड्यात एकाही वैमानिकाला काही दिसलं नाही, त्याच्या पुढच्याही आठवड्यात नाही. वैमानिक उतरायचे, ट्रकमधून यायचे, तिन्ही खोल्यांत वेगवेगळे बसून 'काही विशेष नाही' असं सांगायचे आणि चहा प्यायला जायचे. सगळ्यांच्या जबान्या जुळायच्या. मामा रोज टेबलावर बटण ठेवायचे आणि संध्याकाळी उचलायचे.

विश्रांतीला जायच्या दिवशी टिल्लू घरी आला. मामीने त्याची पेटी भरून दिली, वर चार वेळा उघडून आणखी काहीतरी कोंबलं, आणि तो अगदी लहान असल्यासारखी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. टिल्लू नेहमीसारखा बोलत होता, हसत होता. मामांशीही बोलला. हवेबद्दल बोलला, नव्या तळाबद्दल बोलला, मामांच्या गुडघ्याबद्दल चौकशी केली. कुठेही काही कमी नव्हतं. ह्याच्यापेक्षा मामीसारखं दोन दिवस न बोलणं बरं, असं त्यांना वाटलं.

पेटी उचलून ते त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. थांब्यावर दुपारचं ऊन होतं आणि दुसरं कुणी नव्हतं. मामांनी पेटी खाली ठेवली, घसा खाकरला.

"टिल्लू, कचेरीचं सोड. कागद नाही, खूण नाही, काही नाही. मी तुझा मामा म्हणून विचारतो." त्यांनी वाकून पेटीवरची धूळ झटकली. "पुन्हा कधी दिसलं, तर मला सांगशील ना?"

टिल्लूने पेटी उचलली आणि तिचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"काय दिसलं तर, मामा?" त्याने अगदी अदबीने विचारलं, आणि बस आली.